पॅरी काल बसत होती, आज का बसत नाही? आणि साथीदाराचं बटण कधी दाबायचं?

पॅरी म्हणजे शत्रूचा वार अंगावर येताना नेमक्या क्षणी बटण दाबून तो परतवणं, आणि साथीदार म्हणजे गेममध्ये तुमच्या बाजूने लढणारं दुसरं पात्र. तक्रार साधारण अशी येते: ‘कालपर्यंत पॅरी बसत होती, आज एक लागत नाही. गेम तोच, बॉस तोच, हातही तोच.’ गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती जरा जास्त येते, आणि पावसात लाईट जायला लागली की रोजचीच. तक्रार करणाऱ्याचं तोवर बरंच काही करून झालेलं असतं. व्हिडिओ पाहून झालेले असतात, नवा कंट्रोलर कार्टमध्ये पडलेला असतो, आणि तिशी ओलांडलेली असेल तर ‘आता आपले रिफ्लेक्स गेले’ असा निकालही त्याने स्वतःच देऊन टाकलेला असतो.

रिफ्लेक्स एका रात्रीत जात नाहीत. एका रात्रीत बदलतो तो बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांच्यामधला उशीर. हा उशीर प्रत्येक सेटअपमध्ये असतोच. तो थोडा जास्त असला तरी फार बिघडत नाही, कारण रोज तेवढाच असेल तर हात आपोआप तेवढं आधी दाबायला शिकतो. घोळ होतो तो उशीर बदलता असला की. काल साठ मिलिसेकंद, आज दीडशे, लाईट गेल्यावर आणखी काही तिसरंच. असल्या सेटअपवर महिनाभर घासलं तरी हाताला धरून ठेवायला काही मिळतच नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी उशीर सारखा करा, मग कमी करा, आणि टायमिंग शिकायला त्यानंतर बसा. बहुतेक जण नेमके उलटे जातात.

आकडे एकदा डोक्यात बसले की पुढचं सोपं जातं. एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, म्हणजेच फ्रेम. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३ ची. अचानक काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. बऱ्याच गेममध्ये पॅरीची खिडकी, म्हणजे पॅरी लागू होते तेवढा वेळ, याच्याच आसपास किंवा याहून लहान असते. म्हणजे तलवार अंगाशी आलेली बघून बटण दाबायचं म्हटलं तर हिशोबच जमत नाही. शत्रूने खांदा फिरवला, पाय रोवला, तिथपासून मोजून दाबावं लागतं. हे मोजणं बरोबर चाललेलं असताना मध्येच टीव्हीने शंभर मिलिसेकंदांची भर घातली, की ६० एफपीएसच्या सहा फ्रेम गेल्या. पॅरी तिथेच मेली, हात कितीही तयार असो.

लाईट गेली, लॅपटॉप चालूच आहे

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे पहिलं कारण. लाईट जाते, डेस्कटॉपवाला हळहळतो, लॅपटॉपवाला मात्र खूष: आपलं काही अडत नाही. अडतं ते इथेच. चार्जरचा करंट गेला की लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाला बॅटरीवरून पुरेशी पॉवर देत नाही. एनव्हिडियाच्या कार्डात तर ‘बॅटरी बूस्ट’ नावाची सोय असते, आणि ती चालू असेल तर बॅटरीवर गेम सहसा ३० एफपीएसवर बांधला जातो. नाव बूस्ट, काम लगाम घालायचं. शिवाय काही लॅपटॉप पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याचा वेगही, खाली आणतात. हे सगळं इतकं मुकाट्याने होतं की खेळणाऱ्याला फक्त ‘गेम जरा जड वाटतोय’ एवढंच कळतं, आणि दोन मिनिटांत बॉसने लोळवलेला असतो.

एफपीएसचा आकडा कोपऱ्यात कायम दिसेल असा लावून ठेवा. स्टीम या गेमच्या दुकानाच्या ॲपमध्ये सोय आहे, एनव्हिडियाच्या ॲपमध्येही आहे. लाईट गेल्यावर तो आकडा कोसळला तर रोगाचं निदान झालं. उपाय दोन. एक, बॅटरी बूस्ट बंद करा. मात्र बॅटरी झरझर उतरेल, आणि मालवण-देवगडकडे झाड तारेवर पडलं असेल तर लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. दुसरा उपाय मला जास्त पटतो: चार्जर लावलेला असतानाही गेम ६० वर बांधून ठेवा आणि बॅटरीवरही ६० टिकतील इतकी ग्राफिक्स खाली आणा. ‘मग १४४ हर्ट्झचा पॅनल घेतला कशाला?’ असं विचारणारे भेटतात. शूटर खेळायला घेतला असेल. पॅरी शिकताना मात्र कधी १२०, कधी ७०, कधी ३० यापेक्षा कायमचे ६० शंभर पटीने बरे. सेकिरो आणि एल्डन रिंग हे गेम तर पीसीवर मुळातच ६० च्या वर जात नाहीत, तेव्हा तिथे काही गमावतही नाही.

इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांनी मागचा किंवा पुढचा छोटा स्विच बघावा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये लाईट गेल्यावर बदल झटकन होतो, पीसी रीस्टार्ट होत नाही. पण संध्याकाळी व्होल्टेज डिम झालं की याच मोडमध्ये तो उगाच बॅटरीवर जात राहतो. दोन्हीकडून पंचाईत आहे. पीसीपुरता छोटा वेगळा यूपीएस घेतलेला परवडतो.

मुंबईत बसते, गावी बसत नाही

चाकरमान्यांची ही खास तक्रार. गणपतीला माझा मामेभाऊ कपड्यांच्या बॅगेत पीएस फाईव्ह कन्सोल गुंडाळून घेऊन आला. सजावट आणि आरती आटोपल्यावर माजघरातल्या टीव्हीला जोडून गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक हा गेम सुरू. वांद्र्याच्या भाड्याच्या खोलीत मॉनिटरवर हा मुलगा पिवळ्या वर्तुळाचे हल्ले झोपेत परतवायचा, आणि इथे ड्रॉगर नावाचा साधा शत्रू त्याला भिंतीवर आपटत होता. बाजूला बसलेला आमचा शेजारचा पोरगा म्हणे, ‘दादा, मेल्या, बटाण लवकर दाब मा!’ म्हणजे निदान त्याने केलं होतं. औषध मात्र चुकीचं सांगितलं. बटण लवकर दाबायची गरज नव्हती, टीव्ही उशिरा दाखवत होता.

मालिका आणि क्रिकेट चांगलं दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करतो: रंग भडक करतो, कडा धारदार करतो, दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी स्वतःच्या मनाची घालून हालचाल गुळगुळीत करतो. या सगळ्याला वेळ लागतो. जुन्या किंवा स्वस्त टीव्हीवर तो शंभर मिलिसेकंदांच्या घरात जातो. पिक्चर मोडमध्ये जाऊन ‘गेम’ निवडलं की ही प्रक्रिया बंद होते आणि बरेच टीव्ही वीसच्या खाली येतात. आम्ही मोड बदलला आणि पुढच्याच मारामारीत पॅरी बसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तीच रड. का? दुपारी काकीने मालिका लावली, रंग फिके दिसले, तिने रिमोट घेऊन मोड परत भडक केला. तिची काही चूक नाही, टीव्ही तिचाच. पण ‘काल बसत होती, आज बसत नाही’ यातला ‘आज’ असा जन्माला येतो. यावर भांडायची गरज नाही. बरेच टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात. सेट टॉप बॉक्स एका पोर्टवर, कन्सोल कायम दुसऱ्या पोर्टवर, आणि गेम मोड फक्त त्या दुसऱ्या पोर्टला. वायर इकडची तिकडे करायची नाही. नव्या टीव्हीत ‘ऑटो लो लेटन्सी’ असेल तर कन्सोल चालू झाल्यावर टीव्ही आपणहून गेम मोडमध्ये जातो, तेव्हा ते सेटिंग एकदा चालू करून विसरून जायचं.

मोड खरंच लागला का, हे डोळ्याने ठरवू नका, मोजा. फोनच्या कॅमेऱ्यात २४० एफपीएसचा स्लो मोशन असेल तर कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरा की अंगठा आणि पडदा दोन्ही फ्रेममध्ये येतील. पात्राला उडी मारायला लावा आणि रेकॉर्ड करा. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा: बटण खाली टेकल्यापासून पात्राचा गुडघा हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंद. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. यात गेमचा स्वतःचा वेळही धरलेला आहे, म्हणून एकट्या आकड्याला फार अर्थ नाही. गेम मोड लावून एकदा आणि काढून एकदा मोजा, दोघांतला फरक हा टीव्हीचा. पीसीवर हीच तपासणी व्ही-सिंक चालू-बंद करून करता येते. व्ही-सिंकने चित्र फाटायचं थांबतं, पण एक-दोन फ्रेमचा उशीर अंगाला लागतो.

कानात ब्लूटूथ

घरात सगळे झोपलेत म्हणून रात्री इअरबड्स लावून खेळता, आणि रात्रीच पॅरी चुकतात? साध्या ब्लूटूथ इअरफोनवर आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे असतो. सिनेमा बघताना प्लेअर चित्राला मागे ओढून हा फरक लपवतो, गेमला तसं करता येत नाही. तुम्ही नकळत आवाजावर टायमिंग धरत असाल, आणि चांगले खेळणारे धरतातच, तर डोळा एक सांगतो आणि कान दुसरं. तारेचे इअरफोन लावा, कंट्रोलरच्या जॅकमध्येच लागतात. विषय संपला.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

आमच्याकडे कन्सोलवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, फोनवाले गल्लीभर. त्यांची तक्रार वेगळी असते: ‘पहिली फाईट झकास, तिसऱ्या फाईटला सगळं चुकतं.’ हे फोन तापण्याचं लक्षण. मे महिन्यात वेंगुर्ल्यात दुपारी पंख्याखालीही अंगाला चिकट घाम येतो, त्यात फोन चार्जिंगला लावून, वर जाड कव्हर घालून, पूर्ण ब्राइटनेसवर खेळलं तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. साठचे चाळीस, चाळीसचे तीस. कव्हर काढा, चार्जर काढा, गेममधली ग्राफिक्स मधली ठेवा, आणि बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते बघा. सेव्हर चालू असला की बऱ्याच फोनचा पडदा ६० हर्ट्झवर येतो आणि प्रोसेसरही आखडता हात घेतो.

घामाचंही तसंच. पडद्याला स्पर्श कळतो तो विजेच्या भारावरून, आणि ओल्या बोटाने तो भार विस्कटतो. एक टॅप दोन होतात, नाहीतर एकही होत नाही. बाजारात बोटाला घालायच्या पातळ टोप्या मिळतात, त्या खरोखर चालतात. अंगठ्याला चिमूटभर टाल्कम पावडर लावणारेही पाहिलेत. पडदा पांढरा होतो, पण पॅरी बसते.

खाऱ्या हवेचा कंट्रोलर

किनाऱ्याला लागून घर असेल तर खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू यांचं काय होतं ते सांगायला नको. कंट्रोलरच्या आतही धातू आहेच. वरच्या बाजूला डाव्या तर्जनीखाली येणाऱ्या एल वन सारख्या बटणाखाली रबराची पट्टी आणि तिच्याखाली संपर्काचे ठिपके असतात. त्यावर ओल आणि मळ साठला की बटण दाबलं जातं पण गेमपर्यंत पोचत नाही, किंवा दोन-तीनदा दाबल्यासारखं पोचतं. पॅरीसाठी दोन्ही वाईट. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये तपासणीचं पान आहे, तिथे एल वन सावकाश पन्नासेक वेळा दाबून बघा. एकही दाब हुकला किंवा दुहेरी दिसला तर गुन्हेगार सापडला. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाची काडी फिरवता येते. हात साफ नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या, त्याच्यासाठी दहा मिनिटांचं काम.

पावसाळ्यात खेळून झालं की कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. तांदळाची भुकटी बटणाच्या फटीतून आत जाते आणि मग खरंच दुरुस्ती लागते.

एवढं सगळं ठीक असेल तर

आता हाताकडे वळू. दशावतारात दोन राजांचं युद्ध ज्यांनी जत्रेत रात्र जागून बघितलंय त्यांना ही गोष्ट पटकन कळेल. तिथे समोरच्याची तलवार बघून कोणी अंग चोरत नाही. मृदंग आणि झांज जी लय धरतात तिच्यावर एक वार करतो आणि दुसरा त्याच लयीवर तो झेलतो. गेममधला बॉससुद्धा असाच लयीत बांधलेला असतो, कारण त्याच्या हालचाली कोणीतरी बसून आखलेल्या आहेत आणि त्या दर वेळी तशाच येतात. तोंडाने मोजा. खरंच, मोठ्याने: ‘एक, दोन, आणि तीन.’ घरचे हसतील. जिथे बॉस मुद्दाम हात वर धरून थांबतो आणि मग मारतो, आणि लाईज ऑफ पी या गेममध्ये हा प्रकार उदंड आहे, तिथे ‘आणि’ लांबवायचा. डोळ्यांनी बघून दाबणारा नेमका अशाच वाराला बळी पडतो.

शिकताना आधी पॅरी करूच नका. थोडा वेळ फक्त डॉज करा, म्हणजे बाजूला होऊन वार चुकवा, आणि वारांचा क्रम बघा. क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३ या २०२५ च्या गेमने तर ही पायरी उघडच बांधून दिली आहे. तिथे डॉजची खिडकी मोठी आणि पॅरीची लहान, आणि डॉज अचूक वेळी झाला तर ‘परफेक्ट’ असं दिसतं. परफेक्ट वारंवार यायला लागलं की त्याच क्षणाला डॉजऐवजी पॅरी दाबायची. इतर गेम हे लिहून दाखवत नाहीत, पण युक्ती सगळीकडे लागू पडते.

सेकिरोमध्ये २०१९ पासून लोक एकच गोष्ट करतात आणि एकाच गोष्टीमुळे मरतात: घाबरून एल वन टपाटप दाबत राहतात. तिथे बटण असं बडवलं की डिफ्लेक्टची, म्हणजे तिथल्या पॅरीची, खिडकी दर वेळी आकसत जाते, थोडं थांबलं की पूर्ववत होते. म्हणजे घाईची शिक्षा गेममध्येच लिहिलेली आहे. एका वाराला एक दाब. आणि दाबून धरला तरी नुकसान नाही, कारण थोडं लवकर दाबलं गेलं तर निदान साधा ब्लॉक होतो. पडक्या देवळात हानबेई नावाचा न मरणारा माणूस बसलेला आहे, तो सरावासाठीच आहे. त्याला सोडून थेट बॉसकडे पळणारे मला कळत नाहीत.

एल्डन रिंगमध्ये तर निम्म्या तक्रारी टायमिंगच्या नसतातच. पॅरी ही तिथे ढालीवर बसवलेली कला आहे. ढालीवर दुसरंच कौशल्य असेल तर एल टू दाबल्यावर तेच होणार. ढालीवर ‘नो स्किल’ असेल तर उजव्या हातातल्या शस्त्राचं कौशल्य चालणार, आणि तुम्ही म्हणणार पॅरी उशिरा होते. आधी पडद्याच्या कोपऱ्यात कौशल्याचं नाव वाचा. शिवाय ढाल उगारल्यापासून पॅरी लागू होईपर्यंत काही फ्रेम जातात, म्हणून सेकिरोवरून आलेल्या माणसाने इथे जरा आधी दाबायचं. बकलर ही लहान ढाल यासाठी सगळ्यात क्षमाशील. आणि ड्रॅगनच्या पायाला पॅरी करायला जाऊ नका, तसा पर्यायच नाही.

रॅग्नारॉकमध्ये हातातली ढाल तपासा. स्टोनवॉल ढालीने पॅरी होतच नाही, ती मार खाऊन साठवायची ढाल आहे. डॉन्टलेस उलट शेवटच्या क्षणाला पॅरी करणाऱ्यासाठी आहे, तिथे चुकायला जागा कमी. रंग पाठ असले पाहिजेत: पिवळं वर्तुळ म्हणजे ब्लॉक फुटेल पण पॅरी चालेल, लाल म्हणजे बाजूला व्हा, निळं म्हणजे एल वन दोनदा दाबून ढालीने धडक द्या.

साथीदार: कधी दाबायचं, कधी नाही

गॉड ऑफ वॉरपासून सुरू करू. तिथे साथीदार म्हणजे बहुतेक वेळ नायकाचा मुलगा एट्रियस, चौकोनाचं बटण दाबलं की तो बाण सोडतो. साथीदाराबद्दल लोकांचे दोन गट आहेत. एक गट त्याला पूर्ण विसरतो. दुसरा चौकोनाचं बटण सतत बडवत बसतो आणि नेमका पिवळ्या वर्तुळाच्या वेळी त्याचा अंगठा भलत्याच बटणावर असतो. दोघांनाही एकच सांगणं: साथीदाराचं बटण तुमच्या मोकळ्या क्षणाचं. पॅरी बसली, शत्रू मागे झुकला, तेव्हा नाही; तो क्षण तुमच्या कुऱ्हाडीचा. पॅरीच्या अलीकडे, शत्रू अंतर कापत येतोय आणि तुम्ही नुसते वाट बघताय, ती जागा साथीदाराची. तिथे एक-दोन बाण सोडले की शत्रूचा स्टन, म्हणजे त्याला भोवळ आणणारी पट्टी, भरत राहतो आणि मग तुमच्या पॅरीनंतरचा घाव त्याला पुरा करतो. स्टनची पट्टी भरली की आर थ्री (उजवी स्टिक) दाबून संपवायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पट्टी भरायला एट्रियसचे बाण किती हातभार लावतात हे मात्र लक्षात येत नाही. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमधली रेव्हनंट आठवा: धुरासारखी इकडून तिकडे सरकणारी ती चेटकीण कुऱ्हाडीला सापडत नाही, पोराचा बाण लागला की जागच्या जागी अडखळते. तिच्यासमोर बाण शिल्लक नसतील तर पॅरी कितीही चांगली असून उपयोग नाही. म्हणून बाण किरकोळ शत्रूंवर उधळू नका, ते भरायला वेळ घेतात.

एल्डन रिंगची गोष्ट वेगळी. तिथे एलेहच्या चर्चमध्ये रेना नावाची बाई घंटी देते आणि ती वाजवून साथीला आत्म्यांना बोलावता येतं. मग लोक म्हणतात, ‘साथीला आत्मा असूनही पॅरी बसेना.’ साथीला आहे म्हणूनच बसेना! बॉस कधी तुमच्याकडे वळतो, कधी त्याच्याकडे. वाराची दिशा आणि अंतर दर वेळी निराळं. तुम्ही पाठ केलेला क्रम मध्येच तुटतो. पॅरी शिकायची असेल तर एकट्याने लढा, घंटीला हात लावू नका. जिंकायचंच असेल तर आत्म्याला बोलवा आणि पॅरीचा नाद सोडून बॉसच्या पाठीवर वार करा. दोन्ही एकदम करायला गेलं की दोन्ही हातचं जातं. बोलावण्याची किंमत बहुतेक आत्म्यांची एफपीमधून, म्हणजे कौशल्यं वापरायच्या निळ्या पट्टीतून, जाते, मिमिक टियर या आत्म्याची मात्र तुमच्या रक्तातून. म्हणून त्याला बोलावल्यावर लगेच रक्त भरून काढणारा एक फ्लास्क प्यायला वेळ ठेवा, तो वेळ लढाईच्या अगदी सुरुवातीला, बॉस अजून लांब असतानाच मिळतो. रोडेरिका या पात्राकडे जाऊन आत्म्याची पातळी वाढवलेली नसेल तर तो दोन फटक्यांत जातो आणि मग ‘साथीदार निकामी’ अशी तक्रार येते.

फोनवाल्यांकडे परत येतो, कारण झेनलेस झोन झीरो या फोनवरही चालणाऱ्या गेममध्ये पॅरी आणि साथीदार एकाच बटणात आहेत. शत्रूकडून सोनेरी चमक आली की पात्र बदलायचं. येणारा साथीदार येता येताच वार परतवतो. लाल चमक आली तर बदलून परतवता येत नाही, डॉजच करायचा. इथे नेहमी येणारी अडचण अशी: चमक आधी सोनेरी यायची, आता त्याच वाराला लाल येते. गेम बिघडलेला नाही. चमकेवर बदलून केलेल्या अशा प्रत्येक असिस्टला पॉइंट खर्च होतात, ते संपले की सगळ्याच चमका लाल. पॉइंटचा हिशोब ठेवा, आणि सलग चार फटके मारणाऱ्या शत्रूसमोर पहिल्याच फटक्याला शेवटचा पॉइंट घालवू नका. दुसरी अडचण, ‘मी बदललं पण पॅरी झालीच नाही, पात्र नुसतं सरकलं.’ प्रत्येक एजंट (तिथलं पात्र) परतवत नाही. बिलीसारखे बंदूकवाले हुलकावणी देतात. तिघांच्या टोळीत तुमच्या पुढे कोण आणि मागे कोण उभा आहे हे मारामारी सुरू व्हायच्या आधी ठरवा, कारण चमक दिसल्यावर विचार करायला वेळ नसतो. परतवणारा बदलाच्या क्रमात तुमच्या लगेच पुढचा असला तर बोट न शोधता जातं.